जोगदंड सरांची मोकळी जागा

जोगदंड सरांनी बीडमध्ये आणि आसपासच्या तालुक्यांत शे-दोनशे घरं तरी कागदावर काढली असतील, पण त्यातल्या एकाही घराच्या जेवणाला ते पोटभर जेवले नव्हते. नव्या घरात शिरायच्या दिवशी मालक आग्रहानं बोलवायचा. कुठं वास्तुशांत असायची, कुठं आमच्यासारख्यांच्या घरी बुद्धवंदना. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून वेळेवर जायचे आणि पंगत बसली की ताट तसंच ठेवून मान वर करून स्लॅबकडं बघत राहायचे. "सर, भात घ्या," म्हटलं की वाढणाऱ्यालाच विचारायचे, "त्या कोपऱ्यात वल दिसतीय का तुमाला?" ओल कुठंच नसायची. वाढपी पुढं जायचा, जिलेबी संपायची आणि सर उपाशी परत यायचे. वाटेत मला म्हणायचे, "लोकं जेवतेत बघ निवांत. त्यांना काय, त्यांनी थोडंच काढलंय."

मी त्यांच्या ऑफिसात आठ वर्षं होते. जालना रोडला टायरच्या दुकानावर दोन खोल्या, एकात सरांचं उतरतं टेबल आणि दुसऱ्यात माझा कॉम्प्युटर. सर कागदावर पेन्सिलीनं काढत आणि मी ते कॉम्प्युटरवर चढवत असे. माझं नाव मंगल. चारचौघांत ते मला मॅडम म्हणत, चिडले की मंगलबाई आणि घाबरले की नुसतं मंगे. आठ वर्षांत मी 'मंगे'च जास्त ऐकलं.

त्यांच्या भीतीला लहानमोठं कळत नसे. आष्टीला एका मास्तरांचं घर झालं, त्याच्या जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा इंचभर उंच राहिली. ते सरांना कळलं घर पूर्ण झाल्यावर, मास्तरांचं कुटुंब राहायला गेल्यावर. त्यानंतर सर एक रविवार आष्टीला जाऊन त्या जिन्यासमोर खुर्ची टाकून बसले, कोण अडखळतंय ते बघत. मास्तर म्हणाले, "सर, आमाला तर मालूम बी पडलं न्हाई." सर म्हणाले, "तुमच्या पायाला मालूम हाय. तुमचा पाय तिथं जरा थांबतोय." मग त्यांनी उभं राहून ती पायरी फोडून घेतली आणि पुन्हा बांधली. मास्तरांच्या बायकोनं चहा केला, तोही निवला.

घर काढायला बसले की सर आधी खोल्या काढत नसत. आधी जमिनीखालचा हौद काढत. गिऱ्हाईक समोर बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असे, "पाणी कुठून येणार?" नळ किती दिवसांनी येतो, बोअरला किती फुटांवर लागलं, टँकरची नळी दारापर्यंत पोचेल का, हे सगळं वहीत उतरल्याशिवाय ते पेन्सिल उचलत नसत. गिऱ्हाईक म्हणे, "सर, वास्तुशास्त्राचं बी बघा जरा." सर म्हणत, "वास्तुपुरुष कुठंबी झोपू द्या हो. घरातल्या बाईच्या डोळ्यात धूर नको जायला, अन् हौदात पाणी पायजे." त्यांनी काढलेल्या प्रत्येक घराचं छत हौदाकडं उतरतं असे. पडलेला थेंब वाया गेला तर त्यांच्या जिवाला लागे.

असल्या माणसाकडं समुद्राकाठचं काम यावं हा आमच्याकडच्या लोकांना विनोदच वाटला. काम आणलं डॉक्टर अशोकरावांनी. मूळचे आष्टीकडचे, बीडमध्ये त्यांचा दवाखाना, तोही सरांनीच काढलेला. त्यांनी कोकणात, किनाऱ्यालगतच्या जंगलात जमिनीचा तुकडा घेतला होता. सुट्टीत जायला घर बांधायचं, पण त्यांचं खरं कारण वेगळं होतं. ऑफिसात बसून ते म्हणाले, "सर, माझ्या मायनं जलमभर पाणी डोक्यावर वाहिलं. दोन कोसावरून. आता तिचे गुडघे गेलेत. तिला एकदा पाण्याशेजारी घर द्यायचंय."

सरांनी सरळ सांगितलं, "तिकडचा माणूस बघा, साहेब. मी कोरड्या मुलखातला."

"तुमीच पायजे. दवाखान्याला पंधरा वर्षं झाली, एक थेंब गळला न्हाई."

"बीडात थेंब पडतो कधी, की गळल?" सर म्हणाले. डॉक्टर हसले. सर हसले नाहीत. पण डॉक्टरांची माय माहीत होती त्यांना. दवाखान्याचं काम चालू असताना सोनाबाई रोज सिमेंटला पाणी मारायला स्वतः उभी राहायची आणि गवंड्यानं बादली सांडली तर शिव्या द्यायची. तिच्यासाठी म्हणून सरांनी हो म्हटलं आणि त्या दिवसापासून त्यांची झोप कमी झाली.

जागा बघायला आम्ही जानेवारीत गेलो, डॉक्टरांच्या गाडीतून, डॉक्टर, सर आणि मी. गाडी घाट उतरायला लागली तशी सरांनी काच खाली केली. जागेवर पोचलो तर दोन्ही अंगांना झाडी. आंबा, काजू, किंजळ, ऐन आणि खाली वाळूला लागून सुरूची रांग. पायाखाली पाचोळ्याची गादी होती. सरांच्या गावात शाळेपुढं एकच लिंब होता आणि सगळं गाव त्याच्या सावलीला बसायचं, असं ते नेहमी सांगत. इथं ते एका झाडाकडून दुसऱ्याकडं जात खोडाला हात लावत होते. थोड्या वेळानं डॉक्टरांना म्हणाले, "एक बी झाड तोडायचं न्हाई. ही अट हाय माझी."

मग त्यांना ती जागा सापडली. वरच्या टेकाडापासून खाली समुद्रापर्यंत झाडांच्या मधून एक मोकळी पट्टी उतरत होती, पंचवीस-तीस पावलं रुंद, सपाट, पानांनी भरलेली. पट्टीत उभं राहिलं की खाली झाडांच्या चौकटीत समुद्र दिसायचा आणि वारा थेट अंगावर यायचा. सरांनी दोन्ही हात पसरून रुंदी बघितली. "इथंच बसवू. जागा आपसूक सुटलीय," ते म्हणाले. इतकं खुश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी पण खुश झाले, कारण झाडं मोजायचं काम माझ्याकडं होतं आणि मोकळ्या जागेत मोजायला काही नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने सरांनी त्या घराचा ध्यास घेतला. समुद्रापासून किती अंतर सोडायचं याचे सरकारी कागद तीनदा वाचले. आजूबाजूच्या जुन्या घरांच्या पागोळ्यांनी जमिनीवर पाडलेल्या खुणा टेप लावून मोजून आले होते, त्याची वही उशाशी घेऊन झोपायचे, असं त्यांच्या बायकोनंच मला सांगितलं. भिंतीला तिकडचाच जांभ्याचा चिरा, वर उतरती कौलं, भिंतीच्या बाहेर चार फूट आलेलं छप्पर, चारी बाजूंनी पडवी. खाऱ्या हवेनं खिळे गंजतात म्हणून खिळे कमी आणि लाकडाच्या खुंट्या जास्त. खिडक्या समोरासमोर, म्हणजे वारा अडणार नाही. सोनाबाईची खोली समुद्राकडच्या टोकाला आणि तिच्या गुडघ्यांसाठी जोतं अगदी बुटकं, दोनच पायऱ्यांचं. पलंग कुठं असेल तेही त्यांनी काढलं होतं. झोपल्या झोपल्या तिला पाणी दिसलं पाहिजे, असा तो हिशेब होता. आणि अर्थातच जमिनीखाली एक हौद. मी म्हटलं, "सर, तिथं हौद कशाला?" ते म्हणाले, "असू दे. हौद न्हाई म्हणलं की मला धडधडतं."

बांधायला माणूसही बीडचाच गेला. नवनाथ मुकादम, सरांच्या हाताखाली तयार झालेला. डॉक्टरांचं म्हणणं, आपला माणूस बरा. त्यामुळं त्या जागेवर तिकडच्या माणसाचा पायच लागला नाही. मार्चमध्ये चुन्याची फक्की मारून आखणी झाली, चर खणले आणि नवनाथ रोज मोबाइलवर फोटो पाठवू लागला. सोनाबाईनं आष्टीतल्या सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं होतं की दिवाळीला मी समुद्रावर.

त्याच सुमारास मी दोन दिवस शिरूरला घरी गेले. माझे आईवडील ऊसतोडीवरून नुकतेच परतले होते. सहा महिने कारखान्यावर पाचटाच्या झोपडीत, कोपीत, राहून आलेल्या माणसांना मी मोबाइलवर समुद्राकाठचं घर दाखवत बसले. आईला झाडं आवडली. वडिलांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "एवढी दाट झाडं हायेत, अन् मधीच मोकळं कावून?"

मी म्हटलं, "असंच. आपसूक."

"आपसूक काय नसतंय," वडील म्हणाले. "आमी कोपी टाकाया गेलो अन् ऐन मोक्याची जागा मोकळी दिसली की आधी इचारतो, मागच्या साली इथं कोण होतं. कुणीच नव्हतं म्हणले की आमी बी न्हाई टाकत तिथं. एका साली न इचारता टाकली, तर कॅनॉल सुटल्यावर समदं बिऱ्हाड भिजलं आमचं."

सोमवारी चहा पिताना मी ही गोष्ट सरांना गंमत म्हणून सांगितली. गंमत म्हणूनच, खरंच. सरांनी कप खाली ठेवला. माझ्या कॉम्प्युटरपाशी येऊन म्हणाले, "मंगे, झाडांचा नकाशा लाव." मी लावला. प्रत्येक झाडाला एक ठिपका आणि एक आकडा मीच दिलेला होता. कागदभर ठिपके होते आणि वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत कोरा पट्टा गेला होता, वळणं घेत. दोन महिने तो आमच्या दोघांच्या डोळ्यांपुढं होता आणि आम्हाला त्यात दिसत होती ती फक्त घराची जागा. त्या कोऱ्या पट्ट्यावर आमचं घर आडवं बसलं होतं.

आमचा डोळाच तसा घडलेला. आमच्याकडं माळरान उघडं असतं आणि ओढ्याच्या काठानं तेवढी करंज, बाभूळ दिसते. हिरवं दिसलं की तिथं पाणी, उघडं दिसलं की कोरडं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. तिकडं सगळंच हिरवं, आणि जिथून दरसाल पाणी रेटून जातं तेवढीच जागा उघडी. जन्मभर 'पाणी कुठून येणार' विचारणाऱ्या माणसानं 'पाणी कुठं जाणार' हे एकदाही विचारलं नव्हतं.

सरांनी नवनाथला फोन लावला. "चरात काय लागलंय?"

"वाळू अन् गोटे, सर."

"गोटे टोकदार का गोल?"

"गोल हायेत. लई गुळगुळीत. कावून?"

सर खुर्चीत बसले. नवनाथ हुशार होता, त्यालाही दोन मिनिटांत उमगलं. तो म्हणाला, "सर, कुणाला काय मालूम पडणार न्हाई. जोतं दोन फूट उचलू, बाजूनं चर काढून देऊ. साहेबांना सांगू, अजून भारी दिसंल." मला ते पटलं, आजही सांगते. सरांच्या अब्रूचा प्रश्न होता. बीड जिल्ह्याबाहेरचं त्यांचं पहिलं काम, त्याचा गावभर बोभाटा झालेला, आणि सर साठीच्या पुढं गेलेले. सरांनी फोन ठेवला आणि नकाशात सोनाबाईच्या पलंगावर बोट ठेवलं. म्हणाले, "तिला पळता येत न्हाई, मंगे."

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात जाऊन पेशंटच्या रांगेत बसले. मीही शेजारी बसले. नंबर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सर, तुमी लाइनीत कावून? काय होतंय?"

"मला काय होत न्हाई. चूक झाली. घर पाण्याच्या वाटंवर बसवलंय मी."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा हळूहळू उतरला. "खात्री हाय का?"

"न्हाई. शंका हाय."

"शंकेवर काम थांबवायचं? मायला काय सांगू मी?"

"माझं नाव सांगा," सर म्हणाले.

डॉक्टर चिडले होते, पण सरांना ओळखूनही होते. काम थांबवलं. जुलैत तिघांनी जायचं आणि डोळ्यांनी बघायचं, असं ठरलं. मधले तीन महिने सरांनी कसे काढले ते मी रोज पाहिलं. नवं काम घेतलं नाही. मोबाइलवर कोकणातलं हवामान बघायचे, दर तासाला. एकदा मला म्हणाले, "पाणी आलं तर मी नालायक. न्हाई आलं तर मी येडा, म्हातारीचं घर उगं बंद पाडलं म्हणून. तूच सांग, मी काय मागू?" वडिलांची गोष्ट आपण सांगायलाच नको होती, असंही मला कैकदा वाटलं. सरांचे शर्ट त्या उन्हाळ्यात अंगावर ढिले झाले.

त्या साली पाऊस उशिरा लागला होता, आणि जुलैत गेलो तर नेमकी दोन दिवसांची उघडीप होती. पट्टीत पानं भिजलेली, चरात गुडघाभर गढूळ पाणी, आणि बाकी काही नाही. डॉक्टर पट्टीच्या मधोमध उभे राहिले, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि गाडीकडं निघाले. सर झाडाला टेकून उभे होते. गावात एका घरी मुक्काम केला, तिथं जेवताना सरांनी घरमालकाला त्या पट्टीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "तो पऱ्ह्या हाय. पावसात व्हावतो." मग आमच्याकडं जरा संकोचून बघत म्हणाला, "तुम्ही चर मारलात तेव्हा आम्हाला वाटलं, पूलबील बांधताव." डॉक्टरांनी तरी सरांकडं पाहिलं नाही. ऐकलेलं आणि बघितलेलं यात फरक असतोच.

सकाळी दहाच्या सुमाराला पाऊस सुरू झाला. तासाभरात समोरचं झाड दिसेनासं झालं. आम्ही छत्र्या घेऊन निघालो आणि जागेच्या बऱ्याच अलीकडंच आवाज ऐकू आला. वरच्या टेकाडावरून तांबडं पाणी त्या पट्टीतून खाली येत होतं, काठापासून काठापर्यंत, फांद्या आणि दगड घेऊन. आमची फक्की, चर, नवनाथनं रचलेले चिरे, कशाचा मागमूस नव्हता. सोनाबाईचा पलंग जिथं काढला होता तिथं पाणी वाहून आलेल्या दगडांवर आपटून माणसाच्या कमरेइतकं उसळत होतं.

"आलं," सर म्हणाले. आमच्या गल्लीत टँकर आल्यावर बाया म्हणतात, अगदी त्याच सुरात. मग ते काठावरच्या एका दगडावर मटकन बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. "नालायक ठरलो, साहेब," असं ते म्हणत होते, आणि मी शपथेवर सांगते, त्यांचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसत होता. डॉक्टरांनी आपली छत्री त्यांच्या डोक्यावर धरली. स्वतः भिजत पाण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सर, दुसरी जागा काढा. तुमीच काढा."

घर वर, पऱ्ह्याच्या काठापासून चाळीस पावलं आत, झाडांमध्ये बसलं. या वेळी सरांनी गावातल्या तीन म्हाताऱ्यांना घेऊन आखणी केली आणि प्रत्येकाला विचारलं, पाणी कुठून जातं. जोतं साडेतीन फुटांचं झालं आणि सोनाबाईसाठी पायऱ्यांऐवजी लांब उतार. दोन काजू मात्र तोडावे लागले. त्या दिवशी सर जागेवर गेले नाहीत. हौद कुणी न सांगता त्यांनी स्वतःच नकाशातून खोडला.

डॉक्टरांना दिवाळीनंतर कोरड्या दिवसांत घरात शिरायचं होतं. सर म्हणाले, "न्हाई. पुढच्या पावसात करा. पाऊस चालू असताना बोलवा, तर येतो." तसंच झालं. मला पुण्याला नोकरी लागली होती, त्या जेवणानंतर आठवड्यानं मी रुजू झाले आणि पुढच्या हिवाळ्यात सर गेल्याचा फोन आला. त्यामुळं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथंच.

बाहेर धो धो पाऊस होता. आत पंगत बसली होती आणि सर नेहमीप्रमाणे ताट तसंच ठेवून उठले. मी मनात म्हटलं, झालं, लागले ओल शोधायला. मागं गेले तर ते पडवीत होते. सोनाबाई पाय पसरून बसली होती आणि सर तिच्या शेजारी फरशीवर. खाली झाडांतून पऱ्ह्याचं तांबडं पाणी धावत समुद्राला मिळताना दिसत होतं. म्हातारी कितीतरी वेळ बघत होती.

"एवढं पाणी," ती म्हणाली, "अन् कुणीच भरत न्हाई?"

"न्हाई माय. ते त्याच्या वाटनं जातंय. आपण बाजूला हावोत."

"मंग तुमी जेवले का न्हाईत?"

सरांनी वर पाहिलं. छपराकडं, वाशांकडं, कोपऱ्याकडं, सवयीनं. मग मान खाली घातली. मी त्यांचं ताट आणून समोर ठेवलं. पडवीच्या कडेनं पागोळ्या सरळ रेषेत बाहेर पडत होत्या, चार फुटांवर. सरांनी भात कालवला, खाली मान घालून सगळा संपवला आणि रिकामं ताट माझ्यापुढं धरलं.

"मंगल," ते म्हणाले, "अजून आण थोडा."